खोल सिंह

खिळा दीड इंची होता. हातोडी शाळेच्या शिपायाची होती. नाणं यासीन मुजावरचं होतं. माझं त्यात काहीच नव्हतं, फक्त हात.

"मधोमध घ्या, मगदूम," अण्णा म्हणाले. "कडेला घेतलंत तर फाटतं. अ‍ॅल्युमिनियम आहे."

मी मधोमध घेतलं. तीन ठोक्यांत खिळा आरपार जाऊन फळ्यात रुतला आणि वीस पैशांचं ते षट्कोनी नाणं इतर दहांच्या शेजारी जाऊन बसलं.

यासीन समोर चौथीच्या पोरांच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसला होता. तो एसटीत कंडक्टर. सकाळची म्हैसाळ फेरी मारून खाकीतच आला होता, चामडी पिशवी अजून खांद्याला. हातोडी खाली ठेवली तेव्हा त्यानं विचारलं, "सर, ठोकायलाच पायजे हुतं काय?"

"नियम आहे," मी म्हणालो.

नियम मीच केला होता.

आमचं मंडळ म्हणजे मिरजेतल्या सतरा नाणेवेड्यांची संघटना. महिन्याच्या पहिल्या रविवारी नगरपालिकेच्या शाळेत बैठक. सतरांपैकी नऊ यायचे आणि नवांपैकी चार जागे असायचे. मी सदतीस वर्षांचा, ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा आणि मंडळाचा चिटणीस. दिवसभर पानांच्या कडा करवती की दंतुर हे मुलांना सांगणाऱ्या माणसाला नाण्यांच्या कडांचा नाद लागावा यात घरच्यांना नवल वाटलं नाही. काळजी तेवढी वाटली.

मंडळाचा खरा आधार होते तोरसकर अण्णा. एका सरकारी टांकसाळीत प्रेस खात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. कोणत्या टांकसाळीत ते मी सांगत नाही. त्यांनीही आयुष्यात कधी तिचं नाव घेतलं नाही, "आमच्याकडे" एवढंच म्हणायचे. मूळचे कोकणातले, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर गावी न जाता ते मिरजेला आले आणि एक खोली घेऊन राहिले. का, असं विचारलं की म्हणायचे, "इथलं पाणी मानवतं." मिरजेचं पाणी मानवलेला मी पाहिलेला तो एकमेव माणूस.

जे काही येतं ते मला त्यांनीच शिकवलं. सालाखाली चौकट असली तर नाणं कुठलं, तारा असला तर कुठलं. ठसा सरकून चंद्रकोरीसारखी कोरी जागा राहिली तर काय झालं असणार. चकतीचा लचका तुटलेला असला तर तो पत्रा कापतानाच तुटला की नंतर कोणी कानशीनं घासला. संग्राहक अशा चुकलेल्या नाण्यांवर जीव टाकतात, आणि जिथे जीव टाकणारे असतात तिथे चुका तयार करून देणारेही असतात. अण्णांचं सूत्र ठरलेलं होतं: "टांकसाळीच्या भिंतीच्या आत झाली ती चूक. भिंतीच्या बाहेर झाली ती खोड. चूक जपायची, खोड फेकायची."

फेकायची पद्धत त्यांनी सुचवली होती ती वितळवण्याची. सोनाराकडे मूस मिळते, म्हणाले, टाका आणि मोकळे व्हा. मला ते शिक्षकाच्या नजरेनं पटलं नाही. मी म्हटलं, खोटं नाणं फळ्यावर ठोकू या, लोकांना बघून शिकता येईल. अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुम्ही चिटणीस आहात." तेव्हापासून आमच्याकडे तो फळा होता. वर ठळक अक्षरांत, माझ्याच हस्ताक्षरात: "खोटी नाणी – सावध राहा." प्रत्येक खिळ्याखाली क्रमांक आणि नाणं आणणाऱ्याचं नाव. पारदर्शकता म्हणून.

फळ्यावर चाळीसेक नाणी होती. घासलेली, ठोकलेली, अ‍ॅसिडात बुडवून पातळ केलेली. पण त्यातली अकरा वेगळी होती. आम्ही त्यांना खोल सिंह म्हणायचो. वीस पैशांच्या या नाण्याला आकड्याची बाजूच नव्हती. एका बाजूला नेहमीसारखी सिंहमुद्रा उठावाची आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह आत रुतलेले, ओल्या मातीत कोणी शिक्का दाबावा तसे, आरशातल्यासारखे उलटे. साल नाही, त्यामुळे सालाखालची टांकसाळीची खूणही नाही. नऊ वर्षांत मिरज आणि आसपासच्या खेड्यांतून अशी अकरा आली. असं नाणं टांकसाळीतही होऊ शकतं, हे आम्हाला पुस्तकांतून माहीत होतं. दर वेळी अण्णांनी ते चिमटीत धरलं, दोन्ही बाजू पाहिल्या, उठावाची बाजू खाली करून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "व्हाइसच्या लोखंडी शिकंज्यात दाबलेलं. एकावर एक दोन नाणी ठेवायची आणि पिळायचं. कुठलाही फिटर करून देईल."

यासीनचं अकरावं. त्याला ते गाडीत सुट्ट्या पैशांमध्ये मिळालं होतं. तीन आठवडे त्यानं ते रुमालात गुंडाळून ठेवलं. मंडळाच्या दहाव्या वाढदिवसाचं प्रदर्शन जवळ आलं होतं, आणि प्रदर्शनात प्रत्येक नाण्यापुढे चिठ्ठी लागायची: नाणं काय, सापडलं कुणाला. ते दाखवताना त्यानं पहिलं काय विचारलं असेल तर, "चिठ्ठीवर माझं नाव घालणार न्हवं, सर? डेपोतली समदी येनार हाईत बघायला."

अण्णांनी ते पाहून खाली ठेवलं. म्हणाले, "मुजावर, तुझा भाऊ काय करतो?"

"लेथ हाय की त्याचा. एमआयडीसीत."

"व्हाइस असेल."

"असनारच की ओ. व्हाइसबिगर लेथवाला असतो काय?" यासीन हसला. मग त्याच्या लक्षात आलं की दुसरं कोणी हसत नाहीये.

त्यानंतर खिळा, हातोडी वगैरे. आणि त्यानंतर यासीनला मंडळातून काढल्याचं पत्र. पत्राचा मसुदा माझा. "मंडळाच्या विश्वासार्हतेस बाधा पोचेल अशी घटना घडल्याने आपल्या सदस्यत्वाबाबत कार्यकारिणीस खेदपूर्वक पुढील निर्णय घ्यावा लागत आहे." हे वाक्य मी दोनदा लिहून काढलं होतं. खेदपूर्वक आधी शेवटी होतं. ते मध्ये आणल्यावर वाक्याला तोल आला, असं मला वाटलं. यासीनचं उत्तर आलं नाही. चिठ्ठीवर त्याचं नाव मात्र लागलं. फळ्यावर. क्रमांक एक्केचाळीस, आणणारा: या. मुजावर.

दोन महिन्यांनी प्रदर्शन भरलं. शाळेचा हॉल, बारा टेबलं, भाड्याच्या काचा. सकाळी अकराला उद्घाटन. फीत अण्णांनी कापायची असं ठरलं होतं आणि पाहुण्या म्हणून पुण्याहून नलिनी सुखटणकर येणार होत्या. चुकलेल्या नाण्यांची सूची करण्यात या बाईंनी वीस वर्षं घातली होती, आणि मोठमोठे व्यापारी त्यांच्यासमोर नाणं ठेवताना हात पुसून ठेवायचे.

त्या साडेनऊलाच आल्या. साठीच्या, पांढरं पातळ, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. चहा नको म्हणाल्या. माझं स्वतःचं टेबल त्यांनी दीड मिनिटात संपवलं, मी घड्याळ बघत होतो. मग त्या दाराशी लावलेल्या फळ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेलो आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

एकेका खिळ्यावरून त्यांनी नजर फिरवली. मग म्हणाल्या, "हे कोणी केलं?"

"मी," मी नम्रपणे म्हणालो. "कल्पनाही माझीच."

"फळा खाली घ्या. टेबलावर. आणि पक्कड आणा."

मी पक्कड आणली. त्यांनी एक्केचाळीस नंबरवर बोट ठेवलं. "हे काढा. हळू. जास्त काही बिघडायचं राहिलेलं नाही, तरी हळू."

मी यासीनच्या नाण्याचा खिळा उपटला. सुखटणकर बाईंनी नाणं कडेवर धरून घेतलं आणि उलटं केलं. भिंग लावलं. मग भिंग माझ्याकडे दिलं.

"काय दिसतं?"

"सिंह. उठावाचे." मधल्या सिंहाच्या तोंडात भोक होतं, पण ते मी बोललो नाही.

"कसे आहेत?"

मी पाहिलं. आयाळीचा एकेक केस दिसत होता. खालच्या चक्राचे आरे मोजता येत होते. "स्पष्ट आहेत," मी म्हणालो.

"व्हाइसमध्ये दाबलं की दुसरी बाजू चपटी होते. होणारच, ती लोखंडी जबड्याला टेकलेली असते. हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही?"

"शिकवलंय. अण्णांनीच."

"मग उलटं करून पाहिलं नाहीत?"

नऊ वर्षं, अकरा नाणी, आणि मी एकही उलटं करून पाहिलं नव्हतं. अण्णांनी पाहिलेलं असायचं ना. अण्णांनी पाहिल्यावर आपण पाहणं हा मला आगाऊपणा वाटायचा.

"सगळी काढा," बाई म्हणाल्या.

मी एकामागून एक दहा खिळे उपटले. उपटताना प्रत्येक खिळा कुरकुरत होता. हॉलमध्ये इतर सदस्य फुलांच्या माळा लावत होते. त्यांना वाटलं मी फळ्याची दुरुस्ती करतोय. बाईंनी टेबलावर रुमाल पसरून अकरा नाणी उठावाची बाजू वर करून मांडली.

"डावीकडच्या सिंहाच्या कानापाशी बघा. एक बारीक रेघ वर गेली आहे, कडेकडे."

होती. केसासारखी बारीक, उठावाची.

"ठशाला तडा गेला की नाण्यावर अशी रेघ येते. अकराही नाण्यांवर एकाच जागी आहे. म्हणजे एक ठसा, एक प्रेस. आता उलटी बाजू." त्यांनी नाणी पालटली. "रुतलेले सिंह बघा. इथे रेखीव आहेत. इथे थोडे पसरलेत. इथे आणखी. काय होतं माहिती आहे का? एक नाणं पाडल्यावर खाली पडायच्या ऐवजी आकड्याच्या ठशाला चिकटून बसतं. पुढच्या चकतीवर आकडा उमटतच नाही. त्या चिकटलेल्या नाण्याचा सिंह उमटतो, उलटा. आणि दर ठोक्याला ते चिकटलेलं नाणं थोडं थोडं चेपत जातं, त्यामुळे सिंह पसरत जातो." त्या बोलता बोलता नाणी सरकवत होत्या. "म्हणून यांचा क्रम लावता येतो. हे आधीचं, हे नंतरचं. ही वर्षभरात कोणी बसून केलेली कारागिरी नव्हे, मगदूम. एका दुपारचे काही सेकंद आहेत हे. माझ्या वीस वर्षांत एकाच ठशाची अशी तीन एकत्र पाहिलेली नाहीत. आणि तुम्ही अकरांना खिळे मारलेत."

बाईंनी कागदाच्या चिठ्ठ्या फाडून एक ते अकरा आकडे लिहिले आणि नाण्यांखाली ठेवले. मग भोकांकडे बघत स्वतःशीच म्हणाल्या, "हे तेवढं भिंतीच्या बाहेरचं."

तेवढ्यात अण्णा आले.

ते उद्घाटनासाठी इस्त्रीचा सदरा आणि काळी टोपी घालून आले होते. दारात फळा दिसला नाही म्हणून त्यांची नजर फिरली आणि टेबलावर येऊन थांबली. मी ओळख करून दिली. दोघांनी नमस्कार केले. बाईंना अण्णांच्या पूर्वीच्या नोकरीची काहीच कल्पना नव्हती. मी निमंत्रणपत्रिकेत "ज्येष्ठ मार्गदर्शक" एवढंच छापलं होतं.

अण्णा टेबलाशी आले. हात मागे बांधून त्यांनी ती ओळ पाहिली, डावीकडून उजवीकडे. माझ्या मनात अजूनही एक भाबडी आशा होती की आता ते काहीतरी बोलतील आणि बाईंची चूक दाखवून देतील.

दाखवलीच.

"सातवं आणि आठवं उलटं लागलंय," अण्णा म्हणाले.

बाईंनी भिंग लावलं. दोन्ही नाणी शेजारी धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांची अदलाबदल केली. "बरोबर आहे. चष्म्याशिवाय कसं दिसलं तुम्हाला?"

"दिसलं नाही," अण्णा म्हणाले. "पाठ आहे."

माळा लावणाऱ्यांपैकी कोणीतरी स्टुलावरून विचारलं, गोंडा मध्ये घेऊ की बाजूला.

"चौदा होती," अण्णा म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते की नाण्यांशी, सांगता येत नव्हतं. "नाणं चिकटलं की प्रेसचा आवाज बदलतो. जाड होतो. मला पहिल्या ठोक्यालाच कळलं. पण प्रेस थांबवली की कागद भरायला लागायचा. कितीला थांबवली, का थांबवली, किती नग खराब. त्या महिन्यात माझे दोन कागद झाले होते. तिसरा झाला की बढती जायची. म्हटलं, सुटेल आपोआप. चौदा ठोके मोजले मी, मगदूम. आठ-नऊ सेकंद. मग थांबवली, चिकटलेलं नाणं सळईनं काढून खिशात घातलं आणि परत चालू केली. चौदा नाणी खाली हजारोंत मिसळून गेली."

"आणि कळवलं नाहीत," बाई म्हणाल्या.

"नाही. चार महिन्यांनी त्यातली दोन एका बँकेनं परत पाठवली. मिरजेच्या."

मला मिरजेचं पाणी आठवलं.

"चौकशी बसली. साहेबांनी दोन नाणी पुढे ठेवली, म्हणाले, तोरसकर, ही आपल्याकडची आहेत का? आपल्याकडून अशी चूक बाहेर जात नाही, हे त्यांनी वर आधीच लिहून पाठवलं होतं. मी म्हटलं, बाहेर दाबलेली दिसतात. साहेबांचा चेहरा उजळला." अण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "पण दाबलेली म्हणजे कोणीतरी दाबायला हवीत. पिशवीवर तपासनिसाची सही गोविंद शेलारची होती. तो फावल्या वेळात घरी स्टोव्ह दुरुस्त करायचा. त्याच्याकडे व्हाइस होता."

मला यासीनचं हसू आठवलं. व्हाइसबिगर लेथवाला असतो काय.

"त्याला काढलं?" मी विचारलं.

"काढलं. माझ्या साक्षीवर. व्हाइस पुरावा म्हणून जमा झाला, तो परत मिळाला नाही. आजारी होता तेव्हा मी भेटायला गेलो. त्यानं चहा करायला सांगितला बायकोला. काही बोलला नाही. मी पण नाही बोललो. त्या दुखण्यातच गेला तो." त्यांनी नाण्यांकडे हात केला. "दोन तिकडे फायलीत. अकरा ही. एक अजून बाहेर आहे."

"म्हणजे तुम्ही इथे..." मी वाक्य पुरं केलं नाही.

"एखादं चुकून कोणा जाणकाराच्या हाती पडलं असतं, तर माझी साक्ष खोटी ठरली असती. म्हटलं, जाणकार आपणच व्हावं. मंडळ तुमचं आधी होतंच, मला फक्त येऊन बसायचं होतं. वितळवा म्हणालो तर तुम्ही फळ्याची टूम काढलीत." त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "पहिली दोन वर्षं मला झोप नव्हती त्या फळ्यापायी. मग लक्षात आलं, ठोकलेल्या नाण्याला कोणी उलटून बघत नाही."

मी आयुष्यात बरंच ऐकून घेतलंय, प्राचार्यांपासून सासऱ्यांपर्यंत. पण इतकं शांतपणे, इतकं अचूक माझं वर्णन कोणी केलं नव्हतं.

"मुजावर?" मी म्हणालो. "त्याला का अण्णा? नाणं खोटं म्हटलंत तेवढं पुरे होतं. भावाचा लेथ कशाला काढलात?"

अण्णांनी टेबलावरची टोपी सरळ केली. मग म्हणाले, "तोंडातून गेलं. एकदा बोललेलं असलं की दुसऱ्यांदा सोपं जातं."

साडेदहा वाजले होते. नगराध्यक्ष निघाल्याचा निरोप आला. अण्णा म्हणाले, "कार्बन पेपर आहे?"

शाळेच्या कार्यालयात होता. त्यांनी तीन कोरे कागद घेतले, मध्ये कार्बन घातले, मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले आणि पट्टीनं रकाने आखले. मी मागे उभा होतो. बारा वर्षांपूर्वी भरायचा राहिलेला कागद ते आठवणीनं उभा करत होते, एकही रकाना न चुकवता. यंत्र क्रमांक. पाळी. वेळ: दुपारी दोन चाळीस. थांबवण्याचे कारण: नाणे ठशास चिकटले. खराब नग: चौदा. जबाबदार कामगार: स्वतः. शेवटचा रकाना होता, कळवण्यास झालेला विलंब. तिथे त्यांचं पेन थोडं थांबलं. मग त्यांनी लिहिलं: बारा वर्षे. खाली सही आणि सहीखाली त्यांचा जुना बिल्ला क्रमांक.

"एक प्रत आमच्याकडे पाठवा," ते म्हणाले. "एक शेलारच्या बायकोला, पत्ता मागे लिहिलाय. तिसरी फळ्यावर लावा. ठोकू नका, चिकटवा."

फीत सुखटणकर बाईंनी कापली. अण्णा त्याआधीच घरी गेले होते. टोपी टेबलावरच राहिली. डेपोतली माणसं ठरल्याप्रमाणे आली. मी फळ्यावरचं "खोटी नाणी" पांढऱ्या कागदानं झाकलं आणि त्यावर तो रकान्यांचा कागद चिकटवला. लोक तो वाचायचे, मग माझ्याकडे बघायचे. बघण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी पाचला मी डेपोत गेलो. म्हैसाळची गाडी लागली होती. यासीन दारात उभा राहून तिकिटांचे गठ्ठे लावत होता.

"या सर," तो म्हणाला. "कुठं?"

"कुठं नाही. तुझ्याकडेच." मी खिशातून नाणं काढलं. वाटेत बोलायची वाक्यं मी तयार केली होती, त्यात "खेदपूर्वक" दोनदा होतं. ती सगळी गेली. "खरं आहे हे," मी म्हणालो. "टांकसाळीतलंच आहे. सुरुवातीपासून खरं होतं."

यासीननं ते घेतलं. उजेडाला धरून भोकातून स्टँडकडे पाहिलं. "सांगत हुते सकाळी डेपोतले. आन् हे भोक?"

"भोक आमचं."

"म्हंजे तुमचं."

"माझं."

त्यानं मान डोलावली, जणू हिशोबाचा एक आकडा जुळला. मग तिकीट पंचाची साखळी सोडवली, नाणं तिच्यात ओवलं आणि साखळी परत अडकवली. "बरं झालं भोक पाडलं ते. न्हाईतर कुठं ठेवनार हुतो."

"मंडळात परत ये, यासीन. पत्र मी मागे घेतो. सगळ्यांसमोर."

"बघू की." ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं. यासीन पायरीवर चढला, आणि मग आवाज वाढवून, इंजिनाच्या वर, म्हणाला, "सर, असली दोन गावली हुती मला. एकाच हप्त्यात. एक तुमच्याकडं आनलं, दुसरं घरात ठिवलं हुतं. म्हटलं, पयलं पास झालं की दुसरं दाखवू."

चौदावं. "कुठं आहे ते?"

"गेलं. तुमचं पत्र आलं त्या दिवशी पिशवीत टाकलं आन् ह्याच गाडीत एका म्हातारीला सुट्टं दिलं."

"तिनं घेतलं?"

"घेतलं की."

"बघितलं नाही तिनं?"

"बघितलं," यासीन म्हणाला. त्यानं दोरी दोनदा ओढली. घंटी वाजली, गाडी हलली. "उलटं करून बघितलं, सर. दोन्ही बाजूंनी. मग कनवटीला लावलं."